आपल्या मोरीचे पाणी

नळ आला. गावाला आनंद झाला. आयाबहिणींच्या डोक्यावरची घागर खाली उतरली. विहिरीच्या खेपा संपल्या. हे फार चांगले झाले.

पण एक गोष्ट आपण विसरलो. घरात पाणी यायला वाट केली. घरातून पाणी जायला वाट केली नाही.

पूर्वी पाणी डोक्यावरून यायचे. जे डोक्यावरून येते त्याची किंमत मानेला ठाऊक असते. म्हणून ते जपून वापरले जाई. भाजी धुतलेले पाणी गुरांच्या घमेल्यात जाई. हातपाय धुतलेले पाणी फुलझाडाला जाई. मोरीचे थोडेफार पाणी परसातल्या अळवाला जाई. वाया जायला पाणी उरतच नव्हते.

आता तोटी फिरवली की पाणी. अंघोळ सढळ होते. कपडे रोज धुतले जातात. हेही चांगलेच आहे. पण हे सगळे पाणी पुढे जाते कुठं? उंबऱ्याबाहेर पडून ते वाटेवर येते. तिथे चिखल होतो. चिखलाचे डबके होते. डबक्यात डुक्कर लोळते, आणि त्याच वाटेने आपली पोरं शाळेला जातात.

या वापरून टाकलेल्या पाण्याला सांडपाणी म्हणतात. सांडपाण्याचे काय करायचे, ते या पाठात पाहू. काम अवघड नाही. आधी समजून घेऊ, मग हात घालू.

आधी हिशेब मांडू

२०१९ साली देशात जलजीवन मिशन सुरू झाले. खेड्यातल्या प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे माप त्यात ठरले. आपण तेच माप धरू.

समजा, घरात पाच माणसे आहेत. पाच गुणिले ५५, म्हणजे रोजचे २७५ लिटर पाणी. यातले काही पिण्यात जाते, काही स्वयंपाकात जाते, काही वाळून जाते. तरी तीन भागांतले दोन भाग पाणी मोरीतून बाहेर पडते असे धरा. ते झाले सुमारे १८० लिटर. पंधरा लिटरची एक घागर धरली, तर बारा घागरी सांडपाणी. एका घराचे, एका दिवसाचे!

आता गावाचा हिशेब करा. गावात २०० घरे असली, तर रोजचे ३६,००० लिटर झाले. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर आणखी उरेल, इतके हे पाणी आहे. कोणी रोज सकाळी तीन टँकर घाण पाणी आणून आपल्या चावडीपुढे ओतले, तर आपण गप्प बसू का? काठ्या घेऊन धावू. पण तेच पाणी घरोघरच्या मोरीतून थोडे थोडे येते. म्हणून कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

पाणी कशाने नासते?

मोरीचे पाणी बाहेर पडते तेव्हा त्याला फारसा वास नसतो. त्यात साबण असतो, अंगाचा मळ असतो, तेलाचा ओशटपणा असतो, भाताची शिते आणि भाजीची देठे असतात. मग दोन दिवसांत ते काळे का पडते? नाक का धरावे लागते?

पाण्यात आणि मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांना जिवाणू म्हणतात. सगळेच जिवाणू वाईट नसतात. दुधाचे दही करणारे जिवाणूच असतात. सांडपाण्यातली घाण हे काही जिवाणूंचे अन्न आहे. ते ती घाण खातात आणि पाणी साफ करतात. पण हे काम करायला त्यांना हवा लागते. आपल्याला श्वासाला लागते तशीच.

एके ठिकाणी पाणी साचून राहिले की त्यातली हवा संपते. हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात. हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू पुढे येतात. तेही घाण खातात, पण त्यांच्या कामातून घाणेरडा वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. पाण्याचा काळा रंगही तेव्हाच येतो.

म्हणजे मुख्य गोष्ट काय? घाण पाणी साचले तर सडते. घाण पाण्याला हवा आणि माती मिळाली तर ते निवळते. सांडपाण्याचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

डबक्यात काय पिकते?

शेतात पीक येते, तसे डबक्यातही पीक येते. ते डासांचे. डासाची मादी पाण्यावर अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. डबक्यात वळवळणारे बारीक किडे दिसतात ना, त्याच या अळ्या. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सारे आठ-दहा दिवसांत होते.

डास नुसता चावत नाही. तो रोग आणतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरांनी सिकंदराबादेत डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या पोटात त्यांना हिवतापाचे जंतू सापडले. तोवर लोक समजत, की दलदलीच्या वाईट हवेने हिवताप येतो.

पण सगळे डास एका जातीचे नसतात. हे नीट समजून घ्या. हिवतापाचा डास बहुधा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणात, टाकीत, टाकून दिलेल्या टायरमध्ये वाढतो. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. घाण पाण्यात, गटारात वाढतो तो तिसरा डास. तो रात्री चावतो. हत्तीपाय हा रोग तो पसरवतो. या रोगाचे किडे माणसाच्या शरीरात राहतात. वर्षे जातात आणि मग पाय सुजून खांबासारखा होतो. माणूस मरत नाही, पण कामातून जातो. पूर्व विदर्भात या रोगाने पुष्कळांना जखडले आहे.

म्हणून दोन्ही कामे हवीत. सांडपाणी साचू द्यायचे नाही, आणि घरातली पाण्याची भांडी झाकायची. आठवड्यातून एक दिवस रांजण, टाक्या रिकाम्या करून, घासून कोरड्या करायच्या. एवढे केले की अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

विहीर आणि घाण यांत किती अंतर?

काही जण म्हणतात, "आमच्या घरापुढे डबके नाही. आम्ही पाणी मागच्या खड्ड्यात सोडले आहे." ठीक. पण तो खड्डा विहिरीपासून किती दूर आहे?

१८५४ साली लंडन शहरात एका वस्तीत पटकी, म्हणजे कॉलरा आला. थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसे गेली. जॉन स्नो नावाचे डॉक्टर घरोघर फिरले. कोण मेले, ते कुठले पाणी पीत होते, हे त्यांनी विचारले. बहुतेक जण एकाच हातपंपाचे पाणी पीत होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून ठेवला. पुढे खणून पाहिले, तेव्हा त्या विहिरीला जवळजवळ लागूनच एका घराचा मैल्याचा खड्डा निघाला. त्याच्या भिंती फुटक्या होत्या. घाण मातीतून विहिरीत झिरपत होती.

पाणी दिसायला स्वच्छ होते. चवीलाही बरे होते. पण त्यात मरण होते.

म्हणून नियम लक्षात ठेवा. सांडपाण्याचा कोणताही खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून निदान ५० फूट दूर हवा. उतार विहिरीकडे असेल, तर आणखी दूर.

गटार केले म्हणजे झाले का?

पुष्कळ गावांत लोक ग्रामपंचायतीकडे एकच मागणी करतात. "गटार बांधून द्या." गटाराला काही भागांत नाली म्हणतात. गटार चांगले बांधले, उतार बरोबर ठेवला, रोज साफ केले, तर ते उपयोगी आहे. पण गटार घाण नाहीशी करत नाही. गटार घाण पुढे ढकलते.

पुढे म्हणजे कुठं? पाणी उताराकडे जाते. वरच्या आळीचे पाणी मधल्या आळीत येते. मधल्या आळीचे पाणी खालच्या वस्तीत येते. गावोगाव पाहा, खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, कोणाची घरे असतात? ज्यांना गावाने वर जागा दिली नाही, त्यांची. सगळ्या गावाची अंघोळ, सगळ्या गावाची धुणीभांडी त्यांच्या दारावरून वाहतात. त्यांची पोरं आधी आजारी पडतात. दवाखान्याचे पैसे त्यांचे जातात. मजुरी त्यांची बुडते.

आणि गटार तुंबले की साफ करायला कोणाला बोलावतात? त्याच वस्तीतल्या माणसाला. घाण सगळ्यांची आणि हात एकाचे. हा न्याय आहे का? वाचकहो, याचा मनाशी विचार करा.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतही हेच चालते. तुम्ही ऐकले असेल.

"वहिनी, तुमच्या मोरीचं पाणी आमच्या ओट्याखाली येतं. भिंत भिजून चालली."

"भावजी, पाणी काय मी हातानं लोटते का? उतारच तिकडं आहे!"

दोघांचेही खरे आहे. उतार आहे, आणि भिंतही भिजते. मग शब्दाला शब्द वाढतो. बोलणे बंद होते. एकमेकांच्या लग्नकार्याला जाणे बंद होते. कधी पोलीस पाटलापर्यंत गोष्ट जाते. मूळ कारण काय? बारा घागरी पाणी.

यावर सरळ उपाय एकच. ज्याचे पाणी त्याच्याच जागेत जिरवायचे. उंबऱ्याबाहेर पाणी जायलाच नको. ते कसे, ते आता सांगतो.

शोषखड्डा कसा करावा?

पाणी शोषून घेणारा खड्डा तो शोषखड्डा. तो असा करावा.

पहिले काम, जागा पाहणे. विहीर-बोअरपासून ५० फूट दूर. घराच्या भिंतीला अगदी खेटून नको, पाया भिजेल. गाडीवाटेवर नको. पावसाळ्यात जिथे दोन-चार फुटांवर पाणी लागते, तिथे नको. खड्ड्याच्या तळाखाली निदान पाच-सहा फूट कोरडी जमीन हवी. त्या जमिनीतच पाणी निवळते.

दुसरे काम, माती तपासणे. ज्या खोलीवर पाणी जिरवायचे, तिथे एक हातभर लहान खड्डा घ्या. त्यात पाणी ओता. ते जिरू द्या. माती नीट भिजली की पुन्हा पाणी भरा आणि काडी लावून पाहा. अर्ध्या तासात पाणी एक इंच खाली गेले, तर जमीन चांगली. त्याहून फार वेळ लागला, तर ती जमीन पाणी पीत नाही. तिथे दुसरा उपाय करावा लागेल.

तिसरे काम, खोदणे. पाच-सहा माणसांच्या घराला सव्वातीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पुरतो. खड्ड्याच्या कडा चोपून गुळगुळीत करू नका. मातीची तोंडे उघडी राहू द्या. त्यांतूनच पाणी जाते.

चौथे काम, भरणे. तळाला नारळाएवढे दगड घाला. खड्ड्याचा तिसरा हिस्सा भरला, की त्यावर मुठीएवढे दगड घाला. वरच्या हिश्श्यात लिंबाएवढी खडी घाला. विटांचे तुकडे घातले तरी चालेल, पण त्या पक्क्या भाजलेल्या हव्यात. कच्ची वीट विरघळून चिखल होतो. दगडांच्या फटींत तीनशे ते चारशे लिटर पाणी मावते. म्हणजे एका दिवसाचे सांडपाणी मावून वर जागा उरते.

पाचवे काम, गाळणी. हे सर्वांत महत्त्वाचे. एक मातीचे मडके घ्या. त्याच्या बुडाला बोटभर जाडीची पाच-सात भोके पाडा. मडक्यात नारळाचा काथ्या किंवा वाळलेले गवत भरा. हे मडके खडीच्या मधोमध बसवा. मोरीचा पाइप मडक्याच्या तोंडात सोडा. शिते, केस, राख, देठे मडक्यात अडकतात. नुसते पाणी खाली जाते.

सहावे काम, झाकणे. खडीवर गोणपाट किंवा काटक्या पसरा. त्यावर माती टाका. मडक्याचे तोंड फरशीने झाका. फरशी उचलता आली पाहिजे. झाले. वर पाणी दिसत नाही. वास नाही, डास नाही. पोरं त्यावरून खेळली तरी चालेल.

खर्च किती? दगड बहुधा शेताच्या बांधावर मिळतात. मडके आणि पाइप विकत आणायचे. बाकी दोन माणसांची मेहनत. शिवाय अशा कामाला सरकारी योजनेतून मदत मिळू शकते. ग्रामपंचायतीत जाऊन चौकशी करा, आणि तोंडी न विचारता अर्ज लिहून द्या. आता तुम्हाला लिहिता येते.

खड्ड्याची देखभाल

काही घरी खड्डा करतात आणि विसरून जातात. वर्षाने खड्डा तुंबतो. मग म्हणतात, "खड्ड्यात काही दम नाही." बैलाला वैरण न घालता नांगराला जुंपले तर तो चालेल का?

दर आठ-पंधरा दिवसांनी मडक्यातला काथ्या काढा. नवा घाला. काढलेला काथ्या उकिरड्यात टाका, त्याचे खत होते. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. भांडी घासलेली राख आणि उरलेले तेल मोरीत सोडू नका. तेलाने मातीची तोंडे बुजतात. पावसाचे पन्हळीचे पाणी खड्ड्यात येऊ देऊ नका. खड्ड्याला पावसाळ्यात एवढे काम झेपत नाही. गोठ्याचे पाणीही यात नको. शेण-गोमूत्राचे पाणी खताच्या खड्ड्यात न्या. ते सोने आहे.

काही वर्षांनी दगडांवर चिकट थर बसतो आणि पाणी जिरेनासे होते. तेव्हा दगड काढा, धुवा, उन्हात वाळवा आणि पुन्हा भरा. जागा असेल तर शेजारी दुसरा खड्डा करा. एक काम करील, दुसरा विसावा घेईल.

काळ्या जमिनीचे काय?

आपल्याकडे पुष्कळ गावांत काळी चिकण माती आहे. ही माती भिजली की फुगते. फुगली की तिची तोंडे बंद होतात. मग पाणी मुरत नाही. अशा ठिकाणी आधी खोल खणून पाहा. काळ्या मातीखाली बहुधा मुरूम असतो. मुरूम पाणी पितो. मुरूम लागेपर्यंत खणले तर खड्डा चालतो.

मुरूम फार खोल असला, किंवा खाली खडक असला, तर पाणी झाडांना द्यावे. हा आपल्या आजीचाच उपाय आहे. मोरीच्या पाण्यावर अळू, हे आपल्या परसांत पिढ्यान् पिढ्या चालत आले. अळू आणि कर्दळ ओलीत आनंदाने वाढतात. केळ पाणी पुष्कळ पिते. परसात हात-दीड हात खोल, लांबट चर काढा. त्यात खडी घाला, वर माती टाका, दोन्ही अंगांना केळी-कर्दळी लावा. मोरीचे पाणी आधी मडक्यातून गाळा आणि मग चरात सोडा. पपई, शेवगा, नारळ, यांनाही हे पाणी चालते. पण त्यांच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.

दोन गोष्टी सांभाळा. मुळा, गाजर, कोथिंबीर अशी कच्ची खायची भाजी या पाण्यावर करू नका. रोगाचे जंतू भाजीबरोबर पोटात जातील. आणि कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी रोज एकाच झाडाला घालू नका. त्यात खार असतो. मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी धरली, तर खार वाढला असे समजा. पाण्याची जागा बदला.

संडासाचे पाणी वेगळे ठेवा

आतापर्यंत आम्ही जे सांगितले, ते मोरीच्या पाण्यासाठी. संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका. त्यात रोगजंतू फार असतात.

संडासाला दोन खड्ड्यांची पद्धत चांगली. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा वर्षभर, किंवा त्याहून थोडा जास्त काळ, तसाच ठेवायचा. आतल्या मैल्याचे मातीसारखे खत होते. त्याला वास नसतो.

काही घरी टाकीचा संडास असतो. त्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी लोक गटारात सोडतात. हे फार वाईट आहे. टाकीत घाण खाली बसते, पण पाणी शुद्ध होत नाही. त्या पाण्याला वेगळा शोषखड्डा हवा. टाकीच्या हवेच्या नळीला वरून जाळी किंवा पातळ कापड बांधा. नाहीतर त्या नळीतून डास आत-बाहेर करतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. टाकी साफ करायला माणसाला आत उतरवू नका. आत विषारी वायू असतो. उतरलेला माणूस शुद्ध हरपून पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशी पुष्कळ घरे उघडी पडली आहेत. २०१३ सालच्या कायद्याने असे काम माणसाकडून करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. टाकी यंत्राने उपसतात. त्याची गाडी मागवा.

गावाच्या टोकाला जमणारे पाणी

सगळ्यांनाच परस नसते. दाट वस्तीत घराला घर लागून असते. तिथे चार-पाच घरांनी मिळून एक मोठा शोषखड्डा करावा. तेही जमत नसेल, तिथे गटार लागतेच. मग त्या गटाराच्या पाण्याला गावाच्या टोकाला निवळायला जागा द्यावी. ते तसेच ओढ्यात सोडू नये. आपल्या गावाचे खालचे टोक हे पुढच्या गावाचे वरचे टोक असते!

याला निवळतळी म्हणू. एकापुढे एक अशी दोन-तीन तळी करतात. पहिले खोल असते. त्यात गाळ खाली बसतो. पुढची तळी उथळ आणि पसरट असतात. त्यांत ऊन तळापर्यंत पोचते. उन्हाने पाण्यात हिरवे बारीक शेवाळ धरते. हे शेवाळ पाण्यात हवा सोडते. हवा मिळाली की चांगले जिवाणू घाण खातात. पाहा, आपण आधी जी गोष्ट ध्यानात ठेवली, तीच इथे कामाला आली. पाणी या तळ्यांत पुष्कळ दिवस राहते. शेवटच्या तळ्यातले पाणी झाडांना आणि चाऱ्याच्या पिकाला देता येते. प्यायला मात्र ते कधीही चालत नाही.

या कामाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. जागा लागते. ती वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर हवी. काठावरचे गवत कापावे लागते, नाहीतर तिथे डास होतात. शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडावेत. हा मासा बोटाच्या पेराएवढा असतो आणि डासाच्या अळ्या खातो. तळ्याला कुंपण हवे, म्हणजे पोरं आणि गुरे आत जाणार नाहीत. हे काम माहीतगार माणसाला विचारून करावे. म्हणून ग्रामसभेत हा विषय मांडा. २०२० साली स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात सांडपाण्याचे काम मुद्दाम घेतले गेले. म्हणजे ही मागणी काही जगावेगळी नाही.

हे होते का? होते!

कोणी म्हणेल, "पुस्तकात सगळं सोपं असतं." म्हणून एका गावाचे सांगतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघर शोषखड्डे केले. खड्ड्याच्या मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवली आणि भोवताली दगड भरले. गाळ टाकीत बसतो आणि पाणी भोकांतून दगडांत जाते. गावात सांडपाणी वाहायचे थांबले आणि डास कमी झाले. ते पाहून जिल्ह्यातल्या इतर गावांनी तीच वाट धरली. लोक त्याला नांदेड पॅटर्न म्हणू लागले. गाव तुमच्या-आमच्यासारखेच. माणसेही तशीच.

संत गाडगेबाबा आपल्याला ठाऊक आहेत. १८७६ साली ते अमरावती जिल्ह्यात जन्मले. १९५६ साली गेले. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत. आधी गाव झाडत, गटारे साफ करत, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. बाबांच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. पण बाबा आज आपल्या आळीत आले, तर आधी कुठे पाहतील? आपल्या मोरीकडेच पाहतील.

एकदम सारे गाव बदलायला निघू नका. आळीतल्या दोन घरांनी सुरुवात करा. ज्यांच्यात पाण्यावरून भांडण आहे, त्याच दोन घरांनी केली तर फारच चांगले. एकाने खणावे, दुसऱ्याने दगड आणावेत. पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या दारी खणावे. गाव करी ते राव न करी, असे म्हणतात. पण गाव म्हणजे कोण? पहिली कुदळ मारणारी चार माणसेच.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. आपल्या घरातून रोज किती घागरी सांडपाणी जाते? मोजून सांगा.

२. ते पाणी शेवटी कोणाच्या दाराशी थांबते? त्या वाटेने एकदा चालत जाऊन पाहा.

३. आपल्या मोरीपासून विहीर किंवा बोअर किती फुटांवर आहे?

४. आपली जमीन पाणी पिते का? काडी लावून पाहा.

५. पुढच्या ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय कोण मांडणार? त्याचे नाव आजच ठरवा, आणि अर्ज सगळ्यांनी मिळून लिहा.